कायद्यांची उसळ

आमच्या घरात कायद्यांची उसळ व्हायची. दुबईत देऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी मी मटकीची उसळ करायची आणि तिच्यात मधूनच एखादा पावटा, एखादा हरभरा निघायचा. ती आदल्या दिवशी पडलेली मतं असत. पांढरा पावटा म्हणजे हो, हरभरा म्हणजे नाही. मोजणी झाली की आठल्ये मतांचा डबा माझ्या भिजवलेल्या मटकीत उपडा करायचा आणि म्हणायचा, "आक्का, पुरावा पोटात." मग ज्याच्या ताटात हरभरा येईल त्याला सगळे चिडवत, विरोधी पक्ष आलाय वाट्याला, नीट चावून खा.

चावूनच खावा लागे. मटकी मऊ होते तोवर हरभरा काही शिजत नाही. हे मी आठल्येला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तो म्हणाला, "विरोध थोडा कच्चाच पाहिजे, आक्का." मी म्हटलं, तुमचे दात चांगले आहेत म्हणून बोलताय.

हा आठल्ये आमचा भाडेकरू. फ्लॅट माझ्या मुलाच्या, संजयच्या नावावर. एका खोलीत संजय, सून वैशाली, नात रिया आणि मी. दुसऱ्या खोलीत तीन पुरुष माणसं, तीन पलंग, जेवण माझ्या हातचं. इचलकरंजीचा किरण एका सुपरमार्केटात कॅशियर, दापोलीचा इम्तियाझ गॅरेजमध्ये, आणि हा आठल्ये. खाडीवर लाकडी जहाजं लागतात ना, सोमालियाला टायर, फ्रीज, बिस्किटं घेऊन जाणारी, त्यांच्यावर किती माल चढला ते लिहून घ्यायचं काम तो एका ट्रेडिंग ऑफिससाठी करायचा. तरुणपणी आला आणि तिथेच म्हातारा झाला. लग्न केलं नाही. तोंडावर मी त्याला अहो म्हणायची, मनात अरेच.

त्याच्या डोक्यात एकच किडा होता. कायदा वरून खाली येतो, तो खालून वर गेला पाहिजे. कुठे अमेरिकेतल्या काही राज्यांत आणि स्वित्झर्लंडमध्ये म्हणे लोक स्वतःच कायदा लिहितात, पुरेशा सह्या गोळा करतात, की तो कायदा सगळ्यांच्या मताला टाकावाच लागतो. आमदारानं मध्ये पडायचं नाही. असं आपल्या महाराष्ट्रात झालं पाहिजे, हे आठल्येचं म्हणणं. भाकरी मागायची असली तरी तो "मुळात प्रश्न असा आहे" इथून सुरुवात करायचा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला एवढंच कळत होतं की ज्या देशात आपण राहतो तिथे आपल्याला मत नाही, ज्या देशाचं मत आहे तिथे आपण राहत नाही, आणि हा मनुष्य दोन्हीकडचा नसताना कायदे करायला निघालाय.

सुरुवातीला तो कागद घेऊन फिरायचा. एका उन्हाळ्यात बिल्डिंगचा एसी बंद पडला. हा मजल्यामजल्यावर जाऊन सह्या घेत सुटला. पठाणाच्या, फिलिपिनो पोरींच्या, मल्याळी मास्तरच्या. नातूर, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, त्यानं तो कागद बघितला आणि भाडं घेणाऱ्या ऑफिसला फोन लावला. संजयला बोलावणं आलं. संजय तिथे सॉरी सॉरी करून आला, कागदाचे तुकडे केले, संडासात टाकले आणि पाणी सोडलं. मग आठल्येसमोर उभा राहून म्हणाला, "काका, हे हिंदुस्थान नाही. इथे सह्या गोळा करायच्या नाहीत. खलास."

दुसऱ्या दिवशी एसी सुरू झाला. आठल्ये खूश. म्हणाला, बघा, लोकांनी मागितलं, मिळालं. संजय म्हणाला, पार्ट आधीच मागवला होता. त्यावर आठल्ये जे हसला ते संजयला आठवडाभर झोंबत होतं.

पण त्यानं ऐकलं. सांगितलेला नियम तो पाळायचा, हा त्याचा गुण म्हणा की खोड. त्या दिवसापासून आमच्या घरात सहीचा कागद आला नाही. त्याऐवजी पेले आले. शुक्रवारी सगळे एकत्र जेवत. कुणाला काही कायदा मांडायचा असला तर त्यानं तो बोलून दाखवायचा. ज्याचा पाठिंबा असेल त्यानं आपला पाण्याचा पेला पालथा घालायचा. तीन पेले पालथे पडले की तो अर्ज मंजूर, मग मत. स्वयंपाकघरात दोन वाट्यांत पावटे आणि हरभरे. एकेकानं आत जायचं, एक दाणा मुठीत घेऊन यायचं आणि दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात टाकायचा. कुणी काय टाकलं ते कुणाला सांगायचं नाही, नवऱ्यानं बायकोला नाही, मेल्यावर देवाला नाही. जो जेवतो तो मत देतो, म्हणून रियालाही मत.

पहिला कायदा तिनंच पास करून घेतला. गुरुवारी रात्री भाजीपोळी नाही, मॅगी. मी म्हटलं हा काय चावटपणा. आठल्ये गंभीर होऊन म्हणाला, "लोकांनी ठरवलं, आक्का. आता तुमचा इलाज नाही." रिया म्हणाली, "आजी, इट्स द लॉ." त्या कायद्यापायी मी दर गुरुवारी मॅगी खाते. अजून खाते, कारण तो रद्द करायला कुणी पेला पालथा घालत नाही.

मग मीही एक कायदा आणला. जेवताना कायद्याबद्दल बोलायचं नाही. फटाफट पेले पालथे पडले आणि डब्यात पावट्यांची रांग. एकच हरभरा होता, तो कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. आणि आठल्ये गप्प बसला. नुसता गप्प नाही, असा गप्प की मीठ मागायलासुद्धा खूण करायचा, चुकून मुळात प्रश्न असा आहे तोंडातून निघेल म्हणून. किरण मोबाईलमध्ये डोकं घालून जेवायला लागला, संजय ऑफिसमधल्या मॅनेजरच्या कागाळ्या सांगायला लागला. पुढच्या शुक्रवारी इम्तियाझ म्हणाला, "आक्का, काका बोलत नाहीत तर आमटी अळणी लागते. कायदा मागे घ्या." मीच पहिला पेला पालथा घातला. आठल्येचे डोळे तेव्हा लहान पोरासारखे झाले होते. लगेच त्यानं पुढचा ठराव मांडला आणि तो पडला.

त्याचे सगळेच ठराव पडत. आमदारानं वर्षातून एकदा एसटी स्टँडवरची मुतारी वापरलीच पाहिजे, असा त्यानं महाराष्ट्रासाठी एक कायदा केला होता. तो आमच्या टेबलावरसुद्धा पडला, कारण वैशालीला जेवताना तो विषय नको होता. हरलं की तो दाणे पुन्हा एकदा मोजायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "ठराव नामंजूर. यल्ला, चला, वाढा."

एकदा मराठी लोकांच्या कार्यक्रमाला गावाकडून एक आमदार आले होते. भाषण झालं, प्रश्न विचारा म्हणाले. आठल्ये इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेतच बसला होता. उभा राहिला आणि मुळात प्रश्न असा आहे करून सगळं मांडलं. लोकांनी कायदा लिहायचा, सह्या, मग राज्यभर मत. आमदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, फारच छान विचार, मला व्हॉट्सॲप करा. आणि शेजारच्याला म्हणाले, काकांना गुच्छ द्या. तो गुच्छ त्यानं मेट्रोत मांडीवर घेऊन घरी आणला. व्हॉट्सॲपवर त्याला हात जोडलेले दोन पंजे आले. त्यानंतर काही नाही. गुच्छ मात्र आठवडाभर टिकला.

मग तो रजा घेऊन गावी गेला, स्वतः सह्या आणायला. परत आला तेव्हा महिन्यात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. मी लसूण सोलत होते. समोर बसला, त्यानंही एक कांदी घेतली आणि सांगायला लागला. लोक विचारत, योजना कसली आहे, खात्यात किती जमा होणार. काही म्हणत, आम्ही सही करत नाही, मागे एका सहीत सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलो होतो. एका चुलतीनं सही केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, पोरगा ओरडतोय, माझं नाव खोडून दे. सरपंच म्हणाला, आठल्ये, तुम्ही दुबईवाले, गावाला एक बोअर मारून द्या, सह्या काय करायच्या आहेत.

"मग खोडलं नाव?" मी विचारलं.

"खोडलं. मागितलं तर खोडायलाच हवं."

इथवर तो हसतच सांगत होता. मग पाकळी सोलता सोलता थांबला.

"मतदारांच्या यादीत माझंही नाव नाही, आक्का. तुम्ही इथे राहत नाही म्हणून काढलं, म्हणतात. कुणी विचारलं नाही. चोवीस वर्षांचा असताना एकदा मत दिलं होतं, तो माणूस पडला. तेवढंच." मग म्हणाला, "म्हणजे मला आता कुठेच मोजत नाहीत. ह्या टेबलावर मोजतात."

मी त्याला म्हटलं, लसणाची सालं खाली पाडू नका.

त्यानंतर त्याचा मालक वारला. मालकाच्या मुलांना लाकडी जहाजांत रस नव्हता, त्यांनी ऑफिस बंद केलं. आम्हाला हे बराच काळ माहीतच नव्हतं. आठल्ये रोज सकाळी शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी यायचा. एक दिवस किरण खाडीवरून येत होता, तर हा भर दुपारी बाकावर बसून दुसऱ्याच्या जहाजावर दुसऱ्याचा माल चढताना बघत होता. बोटांवर मोजत होता, किरण म्हणाला. सवय.

संजयनं खोदून विचारलं तेव्हा कळलं की व्हिसा कधीच रद्द झालाय, मुदत उलटून गेलीये. नवीन व्हिसाचं काय, तर पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. पुढच्या आठवड्यात विचारलं तरी तेच. एका माणसानं शब्द दिलाय, एका कंपनीत जागा आहे. त्या वयाच्या माणसाला कोण नवा व्हिसा देतं? त्यालाही ते कळत असणार. दंड माफ करून परत पाठवायची सरकारी मुदत आली, तीही त्यानं इन्शाल्ला म्हणत जाऊ दिली. परत जा म्हटलं की म्हणायचा, घराला पुतण्यांचं कुलूप आहे, कुणाच्या दारात उभा राहू.

अशात वरच्या मजल्यावर तपासणी आली. दाटीवाटीनं राहणाऱ्यांची. एक बिनव्हिसाचा मुलगा सापडला. त्याला नेलं, आणि ज्याच्या नावावर फ्लॅट होता त्या माणसालाही नेलं. त्याची बायको जिन्यात बसून रडत होती आणि तिच्या मुलीच्या हातात शाळेची बॅग तशीच होती. ती मुलगी रियाच्या वर्गातली. वैशाली त्या रात्री जेवली नाही. संजयला काही सांगायची गरज नव्हती.

त्या शुक्रवारी रियाला शेजारी खेळायला पाठवलं. सगळे जेवायला बसले. मला वाटलं होतं संजय त्याला बाजूला घेऊन बोलेल. तसा त्यानं दोनदा प्रयत्न केला होता, म्हणे, पण जीभ रेटली नाही. शेवटी त्यानं आठल्येचाच रस्ता धरला. ताटाकडे बघत म्हणाला, "काका, मला एक कायदा मांडायचाय. ज्याचा व्हिसा संपला त्यानं ह्या घरात राहायचं नाही."

भात तसाच वाढलेला होता. कुणी हात लावला नाही. वैशालीनं पेला उचलला, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि पालथा घातला. मग किरणनं घातला. तिसरा पडेना. इम्तियाझ मान खाली घालून बसला होता. आठल्येच्या शेजारचा पलंग त्याचा. ताप आला की एकमेकांना पेज करून देणारी माणसं ती. आठल्येनंच त्याला कोपरानं ढोसलं.

"अरे, मांडणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. पाठिंबा आहे की नाही, सांग."

इम्तियाझनं पेला पालथा घातला आणि तो हातानं दाबून धरला, जणू खालून काही निसटेल.

"तीन झाले. मुळात प्रश्न असा आहे," आठल्ये म्हणाला, "की ह्यावर चर्चा हवी का?" त्यानं एकेकाकडे बघितलं. "मग मत घेऊ."

एकेक जण आत जाऊन आला. डब्यात दाणे टणटण पडले. सगळ्यांत शेवटी आठल्ये गेला. तोच नेहमी शेवटी जायचा, कारण मोजणी त्याच्याकडे. डबा ताटात उपडा केला. सगळे पांढरे पावटे, आणि त्यांत एक हरभरा.

त्यानं सवयीनं दाणे दोनदा मोजले.

"ठराव मंजूर," म्हणाला. "यल्ला, जेवा. भात गार झाला."

वैशाली भांडी घासताना रडत होती. म्हणाली, "आई, बघितलंत? एकच हरभरा. बिचाऱ्यानं स्वतःच स्वतःला मत दिलं." संजयही तेच म्हणाला. किरणही. सगळ्यांना तसंच वाटलं, आणि तसं वाटल्यामुळे सगळ्यांना जास्तच लाज वाटली.

तो हरभरा मी टाकला होता.

संजय माझा मुलगा. पकडून त्याला नेतील, रियाची शाळा सुटेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. आठल्येला जावंच लागणार हेही कळत होतं. पण आत वाट्यांसमोर उभी राहिले तेव्हा हात हरभऱ्याकडे गेला. एक मत आहे तर माणसानं एकदा तरी त्याच्या बाजूनं पडू द्यावं, एवढंच मनात आलं. मला वाटलं होतं, निदान दोन निघतील. एक माझा, एक त्याचा. एकच निघाला. तेव्हा मला कळलं की त्यानं आत जाऊन काय उचललं होतं.

बाकीचं लवकर उरकलं. कायदा पास झाल्यावर आठल्ये एक दिवस जास्त रेंगाळला नाही. इम्तियाझ रजा काढून त्याच्याबरोबर कागदपत्रांना गेला, संजय दंडाचं बघायला गेला. एअरपोर्टवर त्यानं संजयला मिठी मारली आणि म्हणाला, चांगला कायदा होता, मजकूर स्पष्ट होता. आता तो रत्नागिरीकडे कुठल्याशा ट्रस्टच्या वृद्धाश्रमात आहे. एकदा फोन आला होता. आमटीबद्दल तिथे एक ठराव मांडला, म्हणाला, पण इथले लोक पेले पालथे घालत नाहीत, आक्का, इथे सगळ्यांना वाटतं कुणीतरी वर बसलेलं ठरवणार. मी म्हटलं, तब्येत सांभाळा. तो म्हणाला, "यादीत नाव घालायला अर्ज केलाय. बघू." अजून घातलेलं नाही. घालतील असं मला वाटत नाही.

त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. तो जायच्या आधीचा तो शेवटचा शनिवार. मतांचे दाणे आदल्या दिवशी त्यानं नेहमीसारखे मटकीत टाकले होते, आणि मी नेहमीसारखी उसळ केली. सगळे बसले होते. आठल्येही होता, मटकी चांगली झालीय म्हणत होता. हरभरा नेमका संजयच्या ताटात निघाला. कुणी चिडवलं नाही. संजयनं तो बोटानं ताटाच्या कडेला सारला आणि तिकडे बघायचं टाळत भाकरी मोडायला लागला.

मी वाढायला उभी होते. वाकले, तो हरभरा उचलला आणि तोंडात टाकला.

मान वर केली तर आठल्ये माझ्याकडे बघत होता. बराच वेळ बघितलं त्यानं. मग हळूच, बाकीच्यांना कळणार नाही असं म्हणाला, "आक्का, सांगायचं नसतं."

मी मान हलवली आणि चावत राहिले. कच्चाच होता.